बिनदाताच्या मामाचं उष्टावण

माह्या तोंडात दात नाही. पडले नाही, किडले नाही, कोणी भांडणात पाडले बी नाही. आलेच नाही. मायच्या पोटातून जसं तोंड घेऊन आलो तसंच आज बी हाय, फक्त त्याच्यावर चार मिशा उगवल्या. डोकशाचे केसं म्हणाल तं बरडावरच्या गवतावानी, एक इथी, एक तिथी, अन् दोघायची एकमेकाले वळख नाही.

अन् धंदा काय करतो? घाटंजीच्या आठवडी बाजारात फुटाणे विकतो. फुटाणे, शेंगदाणे, तिखट वाटाणे. सगळा कडक माल. मी आजलोक एक फुटाणा चावला नाही. गिऱ्हाईक इचारते, "ताजे हायत का बे?" तं मी म्हणतो, "भाऊ, तुमीच चावून सांगा, माह्याकडं मशीन नाही." मंग तो हासते अन् म्हणते, "म्हणूनच म्हणते ना, दात हायत तं चणे नाही अन् चणे हायत तं दात नाही." दर बाजाराले हे म्हण मले कोणी ना कोणी सांगतेच, अन् सांगणाऱ्याले वाटते का आपणच पयल्यांदा सांगून राह्यलो. सांगते अन् हासते. हासला का तोंड उघडते. अन् तोंड उघडलं का मले आत पाहा लागते.

तोंड म्हणजे काय घाण जागा हाय हे तुमाले माहीत नाही, काहून का तुमी आपल्या तोंडाच्या मांगं राह्यता. मी समोर बसतो. आमच्या इकडं माणूस सकाळी उठला का देवाचं नाव घ्याच्या आधी खर्रा घोटते. सुपारी, तमाखू, चुना पन्नीत टाकाचा, तळहातावर रगडाचा अन् गालात भराचा. दिवसभर तो गोळा तिथीच. दात काळे, हिरड्या पांढऱ्या, जिभीवर साय आलेली. बोलते तं शितोडे उडते, अन् ते माह्या फुटाण्यावर पडते, अन् तेच फुटाणे तो परत इकत घेते. एका गुत्तेदाराचं तोंड तं आता बोटभरच उघडते. तरी तो फुटाणा उभा धरून आत ढकलते, पत्र टाकल्यावानी. ज्यायले बत्तीस भेटले त्यायनं त्याची मोरी करून टाकली. पण घाण कोणाची वाटते लोकायले? माह्यी. टपरीवाल्यानं माह्या कपाचा कान मुद्दाम फोडून ठेवला, का चुकून त्यात दुसऱ्या कोणाले चहा जाऊ नये.

अजून एक सांगतो. मले घाम येत नाही. लोकायले वाटते मजा हाय. मजा नाही. उन्हाळ्यात आंग तव्यावानी तापते, डोये लाल होते, डोकसं फिरते. मी बनियान ओली करून घालतो, वाळली का परत ओली करतो. लहानपणी दुपारभर नाल्याच्या डोबऱ्यात म्हशीच्या बाजूले बसून राहो. म्हशीनं कधी काही म्हणलं नाही. तिच्या मालकानं म्हणलं, "तुह्यं तोंड पाहून माह्यी म्हैस दूध चोरून राह्यली."

लहानपणी माय मले घास चावून देये. आधी आपण चावे, मंग बोटानं काढून माह्या तोंडात टाके. माय मिसरी लावे. त्याच्यामुळं माह्या लहानपणच्या सगळ्या भाज्यायची चव एकच, मिसरीची. वांगं बी मिसरी अन् अंबाडी बी मिसरी. बकऱ्या चाराले जाऊ लागलो तवा शिदोरी बी चावलेलीच बांधून देये. दुपारपर्यंत ते फडक्यात आंबून जाये. मुंग्या लागे, पण मुंग्या बी एक घास खाऊन वापस जाये. मी खाओ. दुसरं काय करतो? माय मेल्यावर लोकं रडले, मी बी रडलो, पण खोटं कायले सांगू, एक बाजूनं वाटलं का आता भाजीले भाजीची चव येईन.

शाळेत एकच दिवस गेलो. मास्तरनं तोंड उघडाले लावलं, मंग पोट्टे रांगेत उभे केले. पोट्टे बोट घालून घालून पाहून राह्यले होते. एकाच्या बोटाले शेणाचा वास होता. दुसऱ्या दिवशी मी बकऱ्यायमांगं गेलो. बकरी काही बी खाते, पण दुसऱ्याच्या तोंडात बोट घालत नाही.

मले एक लहान बहीण हाय. तिचे दात बरे हायत. एखादा टोकदार, एखाद्या जागी खिडकी, पण दात हायत. माय-बाप गेल्यावर तिचं लग्न मीच लावून देलं, दिग्रसजवळच्या गावात. जवाई दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाले. माणूस सरळ, पण बोलते कमी. त्याच्या वाटचं त्याची माय बोलते.

लग्नात बहिणीची इज्जत राहावी म्हणून मी कवळी लावलती. यवतमाळले एका शिबिरात फुकट भेटलती. माह्या हिरड्या पापडावानी, त्याच्यावर कवळी बसाले जागा नाही. चव म्हणाल तं सायकलच्या ट्यूबची. तरी लावली अन् पंगतीत आग्रह कराले फिरलो. बहिणीच्या सासूसमोर जिलेबीचं ताट घेऊन वाकलो अन् म्हणलं, "घ्या ना, एक तं घ्या." 'घ्या'पर्यंत बरं होतं. मंग कवळी सुटली अन् तिच्या कढीच्या वाटीत पडली. बुढीनं खाली पाह्यलं. कढीतून दात तिच्याकडं पाहून हासून राह्यले होते. मी बोट घालून काढले, झटकले अन् परत तोंडात बसवले. मले वाटलं, असं केल्यानं गोष्ट मिटून जाईन. बुढी पंगतीतून उठली ते थेट उकिरड्यावर गेली, ओकाले. त्या दिवसापासून तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं नाही. बोले तं माह्या चपलीशी बोले.

पुढं बहिणीले पोरगा झाला. सहा-सात महिन्याचा झाला तवा उष्टावण ठरलं. आमच्यात पोराच्या तोंडात अन्नाचा पयला घास मामानं घालाचा असते. मामाच्या मांडीवर पोरगं, चांदीच्या अंगठीले खीर लावाची अन् जिभीले लावाची. बुढी म्हणे, "दुसरा कोणी मामा नाही का? चुलत, मावस, गावातला?" बहीण म्हणे, "आत्याबाई, माह्या पोराचा मामा एकच. तोच भरवीन."

मी गेलो. भरवली खीर. पोट्टं अंगठी चोखून राह्यलं, मले सोडेच ना. त्याचं तोंड उघडं पाह्यलं अन् मले काहीतरी झालं. हिरडी कशी, नळाच्या वायसरावानी पातळ. लहान पोराची हिरडी फुगीर राह्यते, आत दात वाट पाहत राह्यते. ह्याच्या हिरडीत कोणीच वाट पाहत नोहतं. केसं बी तसेच, एक इथी, एक तिथी. मी बहिणीकडं पाह्यलं. ती हासून राह्यली होती. मी खीर खाऊन घरी आलो.

वरीस उलटून गेलं तरी दात नाही. मंग बुढीचा फोन आला.

"काहो मामा, बरे हाय ना?"

"बरा हाय."

"आमी बरे नाही. माह्या नातवाले तुमचं उष्टं लागलं."

मी म्हणलं, "आत्याबाई, मी तं अंगठीनं भरवलं, तोंडानं नाही."

"अंगठी कोणाच्या बोटातली होती? जसा घालणारा तसा घास."

मंग तिनं इलाज काढला. उष्टावण परत कराचं, दुसऱ्या मामाच्या हातानं. आमचा एक चुलत भाऊ हाय, त्याचे दात सगळ्या घाटंजीत मजबूत. बाटलीचं झाकण दातानं उघडते, एकदा पैजेवर ट्रॅक्टरचा नट बी दातानं सैल केलता म्हणते. अन् पयल्या मामानं काय कराचं? दाराबाहेर चपलीपाशी बसाचं, का त्याचं उष्टं त्याच्यासंगं बाहेर निघून जाईन. मी गेलो. काहून गेलो? बहिणीनं फोनवर सांगतलं, "दादा, ये. नाही आला तं तेच म्हणतीन का मामानं मुद्दाम अडवलं."

मी चपलीपाशी बसलो. लोकायच्या चपलीचा वास मले नवा नाही. दारातून सगळं दिसे. चुलत भाऊ आला, नवा शर्ट, गालात गोळा. बुढीनं त्याचे दात पाह्यले, घोड्याचे पाह्यते तसे. काळे होते, पण होते. बुढी खूश. पोरगं मांडीवर देलं. अंगठी त्याच्या बोटात जाईना, बोटं मोठे, म्हणून तो म्हणे, "बोटानंच भरवतो." अन् ज्या बोटानं सकाळपासून खर्रा घोटला तेच बोट खिरीत घातलं. फिरवलं. खिरीवर तपकिरी रेघ आली. मी बाहेरून म्हणलं, "अबे, हात तं धू."

बुढी म्हणे, "बाहेरच्यानं बोलू नये."

त्यानं ते बोट पोराच्या तोंडात घातलं. पोट्टं चोखाले लागलं. दुसरा घास. तिसऱ्याले पोराचं तोंड पांढरं पडलं, डोये वर गेले अन् त्यानं सगळं ओकलं, चुलत भावाच्या शर्टावर, आपल्या आंगावर. पायाखाली खीर, खिरीत सुपारीचे कण. चुलत भाऊ हात वर करून उभा, म्हणे, "माह्या दाताची ताकद लागली त्याले." मले तवा जेवढी किळस आली तेवढी त्या आंबलेल्या शिदोरीची बी आली नोहती. ज्याचा शर्ट, त्याची. जिनं हे ठरवलं, तिची. अन् चपलीत बसून पाहणाऱ्याची सगळ्यात जास्त.

बहीण पोराले घेऊन न्हाणीत पळाली. बाहेर आली तं तिनं सासूले सांगतलं, "आता माह्या पोराच्या तोंडात कोणी बोट घालाचं नाही."

बुढी म्हणे, "मंग घेऊन जा त्याले मामाकडं. दात आले का ये."

जवाई दाराच्या चौकटीले धरून उभा होता. माय बोलली, मंग बायको बोलली, मंग मायच बोलली. त्याची पाळी आलीच नाही.

अशी बहीण माह्या घरी आली. दात आले का जाणार होती. अन् दात येणार नाही हे मले सोडून कोणाले माहीत नोहतं. मी दहादा सांगाले तोंड उघडलं अन् बंद केलं. माह्या तोंडात सांगण्यासारखं तेवढंच होतं, पण ते सांगतलं तं बहिणीचा संसार संपला.

घरात आता दोन बोळके. मी अन् भाचा. एकच स्वयंपाक, मऊ भात, घोटलेलं वरण, भाकर दुधात चुरलेली. बहीण दोघायच्या समोर ताटं ठेवे. तवा मी पयल्यांदा कोणाले तरी माह्यासारखं खाताना पाह्यलं. मी आजलोक लोकायसमोर जेवलो नाही. पंगतीत वाढाले उभा राह्यतो, मंग भांड्यामांगं बसून खातो. मले माहीत नोहतं मी कसा दिसतो. पोरगं खाये तं त्याचे ओठ आत जाये, हनुवटी नाकाले लागे, गाल भात्यावानी फुगे अन् बसे, अन् बाजूनं घास परत बाहेर येये. मले किळस आली. आपल्याच भाच्याची. ताट घेऊन मी अंगणात गेलो अन् तिथी बसून तसंच खाल्लं, ओठ आत, हनुवटी नाकाले.

त्यात शेजारपाजार. जो येये तो पोराचं तोंड उघडे. "पाहू गा, आला का दात?" अन् बोट. भाजीवालीचं बोट, पोस्टमनचं बोट, तमाखू मळलेलं बोट, नाक पुसलेलं बोट. पोराले वाटलं हा खेळच हाय. कोणी दिसलं का आपणच आ करे. कुत्रं दिसलं तरी आ करे. माह्यं तोंड तसंच होतं त्या वयात, सगळ्या गावाचं. कोणी बी यावं अन् आत पाहून जावं, आत काही नाही त्याची खात्री करून.

जवाई दर सुट्टीले येये. जिनातून तसाच, केसात सरकीचा कापूस. बिस्कुटाचा पुडा आणे, तो चहात बुडवून पोराले देये, अन् मंग बाकी लोकायवानीच, पण हात धुवून, हळूच अंगठा पोराच्या हिरडीवरून फिरवे. इकडून तिकडं. मंग उठे. "येतो मामा." बस. एकदा मी म्हणलं, "जवाईबापू, लागलं काही हाताले?" तो म्हणे, "वाटते काही तरी." त्याच्या हाताले काहीच लागलं नोहतं. तो अंगठा पोराच्या तोंडातून काढून बराच वेळ तसाच धरून बसे.

उन्हाळा लागला. पोराले ताप आला, ताप म्हणजे आंग कढईवानी, पण घाम नाही. बहीण त्याले चादरीत गुंडाळून राह्यली होती, ताप आला का गुंडाळाचं असं सगळ्यायले माहीत. मी चादर ओढून फेकली अन् पोराले माठाच्या बाजूच्या ओल्या जागेत नागडं बसवलं, डोकशावर ओलं फडकं. ते थंड झालं. बहीण माह्याकडं पाहून राह्यली.

"दादा, तुले कसं माहीत?"

मी म्हणलं, "मी म्हैस हाय ना."

ती हासली नाही. म्हणे, "हे तुह्यासारखंच हाय का?"

मी म्हणलं, "उद्या यवतमाळले जाऊ. जवाईबापूले बोलवून घे."

मोठ्या दवाखान्यात एक पोरगीशी डॉक्टर होती. तिनं पोराचे केसं पाह्यले, कातडी पाह्यली, घामाचं इचारलं, फोटो काढला. मंग माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "काका, तुमी तोंड उघडता का?" मी उघडलं. तिनं बॅटरी मारली, बोट घातलं नाही. दुसऱ्याच्या तोंडात बोट न घालता पाहता येते हे मले त्या दिवशी समजलं.

ती म्हणे, याले अ‍ॅनोडोन्शिया म्हणते. जन्मापासून दाताचा कोंबच नाही. कोंब नाही तं दात नाही, कितीबी वाट पाह्यली तरी. एवढं मोठं नाव. सगळा जलम बोळक्या म्हणून गेला अन् माह्या रोगाचं नाव असं तालुक्याच्या साहेबावानी. मी ते म्हणून पाह्यलं, पण ते नाव बिनदाताच्या तोंडातून नीट निघत नाही. ज्याले लागते त्याले म्हणता येत नाही.

मंग तिनं बाकीचं सांगतलं. दात, केसं, घाम, सगळ्याचं मूळ एकच, अन् ते मायकडून येते. मायले जास्त काही होत नाही, एखादा दात टोकदार, बस. पण पोराले येऊ शकते. तुमच्या मायकडून तुमाले, तुमच्या बहिणीकडून तिच्या पोराले. कोणाची चूक नाही. थोडा मोठा झाला का छोटी कवळी करू, बदलत जाऊ. तोपर्यंत मऊ खाणं, अन् उन्हापासून जपा, ताप वाढला तं असं पोरगं हातचं जाऊ शकते.

बहीण ते सगळं ऐकून राह्यली होती, पण तिनं एकच ऐकलं. बसस्टँडवर बाकावर बसली अन् म्हणे, "म्हणजे मीच देलं त्याले."

जवाई पोराले घेऊन उभा. बसवर बस जाऊन राह्यल्या होत्या, दिग्रस, पुसद, अन् तो एकीत बी चढेना. शेवटी मले म्हणे, "मामा, बुढीले काय सांगाचं?"

मले माहीत होतं काय होईन. डॉक्टरचं बोलणं तसंच्या तसं सांगतलं तं बुढी एवढंच ऐकीन का सुनेच्या रक्तात खोट हाय. मंग पुढचं पोरगं बी तसंच, मंग सूनच कायले पायजे. तिच्या पोराले दुसरी बायको पाहाले ती उद्याच निघाली असती. इतके दिवस निदान दात आले का ये असं होतं. आता ते बी नाही.

मी म्हणलं, "तुमी नका बोलू. तुमाले तशी बी सवय हाय. मी बोलतो."

दिग्रसच्या बसमधून उतरून त्यायच्या घरी गेलो तं वास आला. रोडगे लावले होते. गव्हाच्या पिठाचे गोळे गोवऱ्यायच्या निखाऱ्यात भाजले होते, वांग्याची भाजी, वरण. शेतातलं काही काम सरलं म्हणून शेजारच्या दोन बाया बी जेवाले होत्या. बुढीनं माह्या चपलीकडं पाह्यलं.

"काय म्हणे डॉक्टर?"

जवायानं तोंड उघडलं. मी मधातच बोललो.

"आत्याबाई, तुमचंच खरं निघालं. डॉक्टरनं फोटो काढला, माह्यं तोंड पाह्यलं, पोराचं पाह्यलं, अन् म्हणे हे मामावरून उतरलं. एक मोठं नाव हाय त्याले."

बहीण म्हणे, "दादा."

मी म्हणलं, "तू गप. माह्यंच उष्टं होय ते. माह्या हातानं गेलं."

बुढीचा चेहरा असा उजळला का मले वाटलं आता ती माह्या पाया पडते का काय. शेजारच्या बाईले म्हणे, "मी वरीसभरापासून काय सांगून राह्यली?" ती बाई म्हणे, "डॉक्टरले बी तेच दिसलं मंग." बुढी म्हणे, "दिसणारच. मले चष्म्याबिगर दिसलं." जवाई माह्याकडं पाहून राह्यला. मी त्याच्याकडं पाह्यलं नाही. तो गप राह्यला. इतक्या वर्षात त्याचं गप राहणं पयल्यांदा कामी आलं.

मंग बुढीनं निकाल देला. पोरगं घरात राहीन, सून घरात राहीन, तिचा काही दोष नाही बिचारीचा. पण या मामाची सावली बी आता पोरावर पडाची नाही. ना सणाले, ना वाराले, ना लग्नाले.

मी म्हणलं, "मंजूर. पण एक शिकवून जातो."

"काय?"

"खाणं. उन्हात कसं ठेवाचं ते जवाईबापूले सांगतलं. खाणं सांगून समजत नाही. तुमाले ते जमणार नाही, तुमच्या तोंडात दात हायत."

मी ओसरीवर बसलो अन् रोडगा मांगितला. कोणी देईना. बहिणीनं आणून देला. मी तो फोडला, वरचं करपलेलं काढलं, आतला चुरला, वरण ओतलं. "थांबाचं," मी सांगतलं. "भुकेलं पोरगं रडीन, रडू द्याचं. कडक गेलं तं गळ्यात अडकते." वांग्याचं साल काढलं, गर कुसकरला. मंग घास तोंडात टाकला अन् सगळ्यायसमोर खाल्ला. जिभीनं टाळूवर दाबाचा, गालानं परत आत आणाचा, परत दाबाचा. माह्यी हनुवटी नाकाले जाऊन राह्यली होती, ओठ आत जाऊन राह्यले होते, वरण बाजूनं वघळून राह्यलं होतं. मले माहीत होतं मी कसा दिसून राह्यलो. भाच्याले पाहून आता चांगलं माहीत होतं. शेजारच्या बाईनं पदर नाकाले लावला अन् तोंड भिताडाकडं केलं. बुढी म्हणे, "बस झालं आता, बाप्पा." मी म्हणलं, "नाही झालं. घासाले किती वेळ लागते ते पाहा. त्याच्या पाठीमांगं लागाल तं तो मरीन." अन् दुसरा घास घेतला. माह्या जेवणाची किळस लोकायले नेहमी येते. त्या दिवशी मीच ती त्यायच्या ताटात वाढून राह्यलो होतो, पोट भरेपर्यंत.

पोट्टं दुडदुड चालत आलं अन् माह्या ताटासमोर बसून आ केलं.

मी हात मांगं घेतला. माह्या हातानं तं आता चालणार नोहतं. जवाई पुढं झाला, खाली बसला, हात धुतला अन् माह्या ताटातलाच कालवलेला घास घेऊन पोराच्या तोंडात घातला. मी सांगतलं, "लहान. अजून लहान." त्यानं लहान केला. बुढीनं पाह्यलं का तो माह्या ताटातलाच होता. तिचं तोंड वाकडं झालं, अन् ती उठून आत गेली.

आता गोष्ट सगळीकडं गेली. घाटंजीच्या बाजारात बी. लेकुरवाळी बाई माह्या दुकानासमोरून जाते तं पोराच्या तोंडावर पदर टाकते. बारशाले, उष्टावणाले मले बोलवत नाही, कोणी बोलावलं तं येऊ नको म्हणून दुसरा निरोप येते. एकानं इचारलं, "काबे, तुह्यं उष्टं एवढं जहाल हाय तं पाकिटात भरून काहून विकत नाही?" मी म्हणलं, "तुह्या तोंडावर थुकून पाहू का, दात पडते का ते." तो हासला. हासला अन् खर्रा दिसला.

बहीण बोलत नाही माह्याशी. म्हणे, सगळं आपल्या डोकशावर घ्याले तुले कोणी सांगतलं होतं. बरोबर हाय तिचं. पण ती त्या घरात हाय.

जवायाचा फोन येते. जिनातून करते, जेवणाच्या सुट्टीत, मांगं मशीनचा आवाज. काही ना काही इचारते. ओलं फडकं किती वेळ ठेवाचं, ताक दुपारी चालते का. परवा घरूनच केला, बुढी बाहेर गेलती म्हणे. म्हणे, "मामा, याले बोलाचं हाय." मंग बराच वेळ नुसता चपचप आवाज. पोट्टं फोन चाटून राह्यलं होतं. मी माह्या तोंडानं जमते तेवढा आवाज काढला. तिकडून बी तसाच आला.

मंग जवाई फोनवर आला. म्हणे, "सगळा फोन लाळेनं भरवला न् यानं, धरता येईना."

मी म्हणलं, "घाण वाटत असन तं पुसा, जवाईबापू. पण त्याच्यासमोर नका पुसू."